डॅकवर कायम ४८ च का दिसतं, आणि डीएसडी फाइलमधून नुसती सीसी का येते?

प्रश्न थोडक्यात असा. घरी यूएसबी डॅक आहे, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा अ‍ॅम्प्लिफायरला कळेल असा सिग्नल करणारी डबी. तो विंडोजच्या लॅपटॉपला जोडलेला आहे आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर व दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. पैसे मोजून २४ बिट १९२ किलोहर्ट्‌झच्या फ्लॅक फाइली आणि डीएसडी नावाच्या वेगळ्या पद्धतीने साठवलेले काही अल्बम घेतले. पण काहीही लावलं तरी डॅकच्या पडद्यावर ४८ च दिसतं. डीएसडी फाइल लावली की संगीताच्या जागी हलकी सीसी, म्हणजे 'स्‌स्‌स्' असा गोंगाट, येतो. फोन जोडला तरी ४८, टीव्ही ऑप्टिकलने जोडला तरी ४८. विचारणारे म्हणतात, "डॅक खराब आहे का? परत करू का? की महागडी केबल लागेल?"

डॅक परत करू नका आणि केबलवर अजून एक रुपयाही घालवू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून तुमचा डॅक बहुधा ठणठणीत आहे. उलट तो एकटाच खरं सांगतोय. पडद्यावरचा आकडा म्हणजे त्याच्यापर्यंत पोचलेल्या सिग्नलचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने आले ते. फाइल १९२ ची आणि पोचलं ४८, याचा अर्थ वाटेत कुणीतरी न विचारता रूपांतर केलं. ते कुठे झालं हे शोधायचं, एवढंच काम आहे. गेली बरीच वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन या जोडण्या करून देतो. दहातल्या आठ घरांत दोष सेटिंगमध्ये निघतो, वस्तूत नाही.

विंडोजपासून सुरुवात करू. लॅपटॉपवर एका वेळी अनेक गोष्टी आवाज करत असतात. गाणं चालू आहे, मध्येच मेल आल्याची टिंग, ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ. प्रत्येकाचा सॅम्पल रेट वेगळा, आणि डॅकला तर एका वेळी एकच घेता येतो. म्हणून विंडोजचा मिक्सर सगळ्यांना एका ठरावीक रेटवर आणून एकत्र करतो आणि पुढे पाठवतो. तो रेट साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये, तुमच्या डॅकच्या प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर 'डिफॉल्ट फॉरमॅट' म्हणून लिहिलेला असतो. तिथे ४८००० असेल, तर तुम्ही जगातली कोणतीही फाइल लावा, बाहेर ४८ च पडणार.

पिठाच्या गिरणीत आपण बजावून सांगतो, "गव्हावर गहूच दळा." नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी आपल्या पिठात येते. विंडोजचा मिक्सर म्हणजे सगळ्यांचं धान्य एकत्र दळणारी गिरणी. आपल्याला गाणं चालू असेपर्यंत पूर्ण गिरणी आपल्या एकट्यासाठी हवी आहे. तशी ती घेता येते, त्यालाच एक्सक्लुझिव्ह मोड म्हणतात.

पण तिकडे जाण्याआधी त्याच डिफॉल्ट फॉरमॅटच्या यादीचा एक उपयोग करून घ्या. तपासाची पहिली फांदी तिथेच फुटते. यादी उघडा आणि सर्वांत मोठा आकडा कोणता दिसतो ते पाहा. २४ बिट १९२००० किंवा त्याहून वरचा पर्याय दिसत असेल, तर केबल, पोर्ट, ड्रायव्हर आणि डॅक या चौघांचं काम चोख आहे. प्रश्न फक्त प्लेअरच्या सेटिंगचा उरला. यादी ९६००० वर संपत असेल, तर प्रश्न यूएसबीच्या जोडणीतच आहे.

९६ वरच का अडतं, हे समजून घेतलं तर पुढचं निम्मं कोडं आपोआप सुटतं. यूएसबीवरून आवाज पाठवायचे दोन नियमसंच आहेत, यूएसबी ऑडिओ क्लास १ आणि क्लास २. क्लास १ चे डॅक 'फुल स्पीड' म्हणजे १२ मेगाबिटच्या यूएसबीवर चालतात. तिथे दर मिलिसेकंदाला आवाजाचं एक पाकीट जातं आणि त्या पाकिटात जास्तीत जास्त १०२३ बाइट मावतात. आता हिशेब करा. ९६ किलोहर्ट्‌झ म्हणजे एका मिलिसेकंदात ९६ नमुने, प्रत्येक २४ बिटचा म्हणजे ३ बाइटचा, आणि डावा-उजवा असे २ चॅनेल. ९६ गुणिले ३ गुणिले २, म्हणजे ५७६ बाइट. आरामात मावलं. १९२ चा तोच हिशेब ११५२ वर जातो. मावत नाही. १७६.४ सुद्धा साधारण १०५८ होतं, तेही थोडक्यासाठी बाहेर राहतं. म्हणून क्लास १ ची भिंत ९६ वर आहे. क्लास २ 'हाय स्पीड' म्हणजे ४८० मेगाबिटवर चालतो, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

तर यादी ९६ वर संपत असेल तर तीन गोष्टी पाहा. एक, तुमचा डॅक मुळातच क्लास १ चा आहे का. ऑडिओक्वेस्टचे ड्रॅगनफ्लाय डॅक असेच २४ बिट ९६ पर्यंतचे आहेत. कोणत्याही यंत्राला ड्रायव्हरशिवाय जोडता यावेत म्हणून ते मुद्दाम तसे बनवलेत, त्यात दोष नाही. दोन, काही डॅकमध्ये गेमिंग कन्सोलसाठी क्लास १ आणि क्लास २ मध्ये अदलाबदल करायची सोय असते, एखादं बटण दाबून धरायचं किंवा मेन्यूत जायचं. मी एकदा एका गृहस्थांकडे पूर्ण संध्याकाळ घालवली. ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, दुसरा लॅपटॉप आणला, तिन्ही पोर्ट बदलून पाहिले. शेवटी कळलं की घरातल्या मुलाने कन्सोल लावताना डॅक क्लास १ वर टाकला होता आणि तो तसाच राहिला होता. तेव्हापासून मी मॅन्युअलमधलं ते पान आधी उघडतो. तीन, मधला हब किंवा केबल. जुनापुराणा हब मध्ये असेल किंवा केबल आतून खराब असेल, तर जोडणी हाय स्पीडऐवजी फुल स्पीडवर घसरू शकते. हब काढा, डॅक थेट लॅपटॉपला लावा आणि डॅकसोबत आलेलीच केबल वापरा. फोनच्या चार्जरसोबतच्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच, त्यांच्यावर डॅक दिसणारसुद्धा नाही.

महागड्या केबलबद्दल विचारलंत म्हणून इथेच सांगतो. आजचे जवळपास सगळे घरगुती डॅक असिंक्रोनस पद्धतीने चालतात. म्हणजे घड्याळ डॅकचं असतं. डॅक आपल्या गतीने डेटा मागून घेतो, बफरमध्ये ठेवतो आणि स्वतःच्या क्रिस्टलच्या ठोक्यावर बाहेर काढतो. केबलने फक्त बिट धडपणे पोचवायचे असतात. नीट बनवलेली, मीटर-दोन मीटरची साधी यूएसबी २ केबल ते काम पूर्ण करते. पाच मीटरच्या पुढे मात्र जाऊ नका, ती हाय स्पीड यूएसबीची मर्यादा आहे.

ड्रायव्हरचं सांगायचं तर विंडोज १० मध्ये क्लास २ चा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ च्या १७०३ या आवृत्तीपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय ९६ च्या वर जाता येत नसे. तुमचा लॅपटॉप त्यानंतरचा असेल तर पीसीएमसाठी, म्हणजे फ्लॅक, वेव्ह, एएलएसी असल्या नेहमीच्या फाइलींसाठी, विंडोजचा ड्रायव्हर पुरतो. तरी कंपनीचा ड्रायव्हर मी टाकून घेतोच, कारण त्यासोबत आसिओ, म्हणजे विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून डॅककडे जाणारी वाट, येते आणि डीएसडीला त्याचा उपयोग होतो. मॅक आणि लिनक्सवाल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, तिथे क्लास २ चा आधार आधीपासून आहे.

आता प्लेअर. मी बहुतेकांना फूबार २००० टाकून देतो, कारण तो फुकट आहे, हलका आहे आणि आपण सांगू तेवढंच करतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये आउटपुटच्या यादीत तुमचा डॅक एकाहून जास्त वेळा दिसेल. नव्या आवृत्त्यांत त्यातल्या एका नावापुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेलं असतं. तो निवडा. जवळच बिट डेप्थचा पर्याय असतो, तिथे २४ ठेवा, आणि २४ वर तक्रार आली तर ३२ करून पाहा; काही ड्रायव्हर २४ बिटचा माल ३२ बिटच्या डब्यातूनच घेतात, त्याने आवाजात काही फरक पडत नाही. विंडोजच्या त्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर 'अ‍ॅप्लिकेशनला या डिव्हाइसचा पूर्ण ताबा घेऊ द्या' अशा अर्थाची खूण असते, ती चालू असायला हवी. ती कुणी काढली असेल तर एक्सक्लुझिव्ह मोड चालणार नाही.

मग तीन फाइली एकापाठोपाठ लावा: एक साधी सीडीवरून उतरवलेली, एक ९६ ची, एक १९२ ची. डॅकवर ४४.१, मग ९६, मग १९२ दिसायला हवं. बदलाच्या वेळी काही डॅकमधून 'टक्' असा रिलेचा आवाज येतो. तो चांगला आवाज आहे, घाबरू नका. ४४.१, ८८.२, १७६.४ हे एक कुटुंब आणि ४८, ९६, १९२ हे दुसरं. चांगल्या डॅकमध्ये दोन्ही कुटुंबांसाठी वेगवेगळी क्रिस्टल असतात, एक २२.५७९२ मेगाहर्ट्‌झचं आणि एक २४.५७६ मेगाहर्ट्‌झचं, किंवा यांच्या पटीतली. कुटुंब बदललं की डॅक घड्याळ बदलतो, आणि त्या वेळात आवाज बंद ठेवतो. म्हणूनच काही डॅकवर गाण्याचा अगदी पहिला क्षण गिळला जातो. ख्यालाच्या सुरुवातीला तानपुराच असतो म्हणून लक्षात येत नाही. तबल्याच्या एकल वादनात पहिलीच थाप गेली की फार लागतं. प्लेअरमध्ये गाण्याआधी अर्धा सेकंद शांतता घालायचा पर्याय असेल तर तो वापरा.

ज्यांच्याकडे सराउंडचा एव्ही रिसीव्हर आहे त्यांना बिट जसेच्या तसे पोचताहेत की नाही हे तपासायची एक जुनी युक्ती सांगतो. डीटीएस सीडीवरून, म्हणजे सराउंडचा आवाज डीटीएस पद्धतीने भरलेल्या सीडीवरून, उतरवलेली वेव्ह फाइल डिजिटल केबलने रिसीव्हरला पाठवा. वाटेत बिट बदलले गेले, तर रिसीव्हरला ती डीटीएस म्हणून ओळखता येत नाही आणि नुसता खरखराट येतो. रिसीव्हरवर डीटीएसचा दिवा लागला, की वाट शुद्ध आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मात्र आधी कमी करून ठेवा.

आता तुमच्या सीसीकडे येतो. मला वाटतं, ही वेगळी तक्रार नाहीच, ४८ च्या तक्रारीचंच ते दुसरं टोक आहे.

डीएसडी ही पद्धत सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडीसोबत आणली. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक १६ बिटचा. डीएसडीत नमुना फक्त १ बिटचा, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट. म्हणून तिला डीएसडी ६४ म्हणतात. दुप्पट केली की डीएसडी १२८. हा एका बिटचा ओघ आणि पीसीएम यांची जातकुळी वेगळी, आणि यूएसबी ऑडिओच्या वाटा तर पीसीएमसाठी बांधलेल्या. त्यावर डीओपी नावाची तोड निघाली. २४ बिटच्या पीसीएम नमुन्याच्या खालच्या १६ बिटांत डीएसडीचे १६ बिट भरायचे, आणि वरच्या ८ बिटांत एक ओळखीची खूण ठेवायची, जी एकाआड एक ०५ आणि एफए अशी बदलत राहते. २८,२२,४०० ला १६ ने भागा, १,७६,४०० येतात. म्हणून डीओपीने जाताना डीएसडी ६४ नेहमी १७६.४ किलोहर्ट्‌झच्या पीसीएमचा वेष घेऊन प्रवास करतं. डीएसडी १२८ ला ३५२.८ लागतं. डॅक ती खूण ओळखतो, वेष उतरवतो आणि आतलं डीएसडी वाजवतो.

आता कल्पना करा, हा वेषधारी प्रवासी विंडोजच्या मिक्सरमध्ये शिरला. मिक्सरने त्याला इमानेइतबारे साधं पीसीएम समजून १७६.४ चं ४८ केलं. खुणेचे बिट गेले. डॅकला खूण दिसली नाही, म्हणून त्यानेही उरलेलं सगळं पीसीएम समजून वाजवलं. तीच तुमची सीसी. रूपांतरच कशाला, प्लेअरमधला व्हॉल्यूम १०० वरून ९९ केला, इक्वलायझर चालू ठेवला किंवा गाण्यांची पातळी सारखी करणारं रिप्लेगेन चालू ठेवलं, तरी खूण मोडते आणि तेच होतं. म्हणून डीएसडी वाजवताना प्लेअरचा व्हॉल्यूम पूर्ण, बाकी सगळी प्रक्रिया बंद, आणि आवाज कमी-जास्त करायचा तो फक्त अ‍ॅम्प्लिफायरवर किंवा डॅकच्या नॉबवर. पहिल्यांदा तपासताना अ‍ॅम्प्लिफायर अगदी खाली ठेवा. स्पीकरमधले उंच स्वरांचे ट्वीटर महाग असतात.

वरचा यूएसबीचा हिशेब इथे पुन्हा कामी येतो. डीओपीला १७६.४ लागतं आणि क्लास १ ९६ वर थांबतो. म्हणजे क्लास १ च्या डॅकवर डीओपीने डीएसडी येणं शक्यच नाही. तिथे प्लेअरला डीएसडीचं पीसीएम करायला सांगायचं आणि ८८.२ वर समाधान मानायचं. ८८.२ यासाठी, की ते डीएसडीच्या कुटुंबातलं आहे आणि भागाकार नेमका बसतो.

फूबारमध्ये डीएसडीसाठी सुपर ऑडिओ सीडीचा डिकोडर वेगळा टाकावा लागतो. त्याच्या सेटिंगमध्ये पीसीएम की डीएसडी असा प्रश्न असतो. कंपनीचा आसिओ ड्रायव्हर असेल तर विंडोजवर डीएसडी वेष न घेता थेटही पाठवता येतं, त्याला नेटिव्ह म्हणतात. मॅकवर बहुतेक वेळा डीओपीच वापरावं लागतं. आवाजाच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही, बिट तेच पोचतात. सोपं लागू पडेल ते घ्या. हे सगळं नकोच वाटत असेल तर जेरिव्हर, ऑडिर्वाना, रून असे विकतचे प्लेअर यातलं बरंचसं स्वतः ओळखून जुळवतात, आणि वेळेची किंमत धरली तर ते महाग नाहीत.

डीएसएफ आणि डीएफएफ अशा दोन शेपट्यांच्या फाइली मिळतात. निवड असेल तर डीएसएफ घ्या. त्यात गायकाचं नाव, राग, मुखपृष्ठाचं चित्र नीट साठवता येतं. डीएफएफमध्ये त्याची प्रमाणित सोय नाही, आणि दोनशे फाइली झाल्या की कोणता मारवा कुणाचा हे शोधत बसावं लागतं.

फोन. अँड्रॉइडमध्येही विंडोजसारखाच मिक्सर आहे आणि तो बहुतेक फोनवर सगळं ४८ वर आणतो. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून यूएसबीवर बिट न बदलता आवाज पाठवायची सोय प्रणालीत आली, पण ती फोनने आणि अ‍ॅपने दोघांनीही वापरली तरच उपयोगी. ज्याला खात्रीचं हवं त्याने यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे अ‍ॅप घ्यावं. ते स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येतं आणि मिक्सरला वळसा घालून थेट डॅकशी बोलतं. डीएसडीही वाजवतं. आयफोनवर अ‍ॅपल म्युझिक २०२१ च्या जूनपासून २४ बिट १९२ पर्यंतचं संगीत अतिरिक्त पैसे न घेता देतं, पण ४८ च्या वरचं ऐकायला बाहेरचा डॅक लागतोच. तारेचा हेडफोन जोडायची अ‍ॅपलची छोटी अ‍ॅडॅप्टर-दोरी २४ बिट ४८ वर थांबते. सेटिंगमध्ये 'हाय-रेझ लॉसलेस' वेगळं निवडावं लागतं, नुसत्या लॉसलेसची कमाल ४८ आहे. मॅकवर मात्र वर्षानुवर्षं एक खटकणारी गोष्ट राहिली आहे: अ‍ॅपल म्युझिक तिथे गाण्यानुसार रेट स्वतः बदलत नाही, ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन हाताने ठेवावा लागतो.

यूट्यूबवर लावून डॅकचा आकडा पाहू नका. तिथलं संगीत मुळातच दाबलेलं असतं, वर काय दिसतं याला अर्थ नाही. ब्लूटूथचंही तेच, ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एलडॅक ही पद्धत सर्वांत वरच्या पायरीवर ९९० किलोबिट देते, आणि साध्या सीडीचाच ओघ १४११ किलोबिटचा असतो.

टीव्हीच्या बाबतीत मी तुम्हाला प्रयत्न सोडून द्यायला सांगेन. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून साधारणपणे ४८ च बाहेर येतं. चित्रपटांचा आवाज ४८ चाच असतो, त्यामुळे काही हरवत नाही. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' ठेवा. ते डॉल्बीवर असेल तर डॅकला त्यातलं काही कळत नाही आणि तो गप्प बसतो. एकूणच ऑप्टिकल केबलवर ९६ पर्यंतच भरवसा ठेवावा. १९२ कधी चालतं, कधी अडखळतं. कोअ‍ॅक्सियलवर १९२ बिनघोर जातं.

सगळं जमल्यावर मधूनमधून टिचक्या किंवा खंड ऐकू आला तर प्लेअरचा बफर एक सेकंदापर्यंत वाढवा, विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी झोपवणारं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा आणि फाइली वायफायवरून येत असतील तर एकदा लॅपटॉपच्या डिस्कवरून वाजवून पाहा. टिचक्या डिस्कवरून थांबल्या तर दोष नेटवर्कचा. तरीही राहिल्या तर लेटन्सीमॉन हे फुकट साधन कोणता ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतं. माझ्या अनुभवात बरेचदा तो वायफायचा निघतो.

हम्म असा सततचा घुमणारा आवाज ही वेगळी गोष्ट. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर ते अर्थिंगचं वर्तुळ आहे: लॅपटॉपची अर्थ आणि अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ दोन वाटांनी जोडली गेली आहे. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बरेचदा तेवढ्याने भागतं. केबल टीव्हीची तार अ‍ॅम्प्लिफायरला कुठून तरी जोडलेली असेल तर ती काढून पाहा. काहीही झालं तरी प्लगची अर्थची जाड पिन कापू नका. काही इलेक्ट्रिशियन तो उपाय सहज सुचवतात. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

घरात रोज लॅपटॉप उघडायचा कंटाळा येत असेल तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या, त्यावर व्होल्युमिओ किंवा मूड ही गाणी वाजवणारी प्रणाली टाका, डॅक त्याला कायमचा जोडून ठेवा आणि गाणी फोनवरून निवडा. पाय ४ घ्या किंवा त्यापुढचा. पाय ३ मध्ये नेटवर्कची तार आणि यूएसबी एकाच अंतर्गत वाटेवर आहेत, त्यामुळे मोठ्या फाइलींना गर्दी होते. व्होल्युमिओत रिसॅम्पलिंग बंद, मिक्सर 'नन', आणि डीएसडीसाठी आधी डीओपी निवडून पाहा. माझ्या घरी हीच मांडणी आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण पैसे तुमचे गेले आहेत म्हणून फाइलींबद्दलही बोलायला हवं. १९२ लिहिलेली प्रत्येक फाइल १९२ ची नसते. सीडीची फाइल फुगवून १९२ ची करता येते, डॅक १९२ दाखवेल, आणि आत नवं काही नसेल. स्पेक नावाचं छोटं फुकट साधन घ्या, फाइल त्यावर टाका. वर्णपट २२ किलोहर्ट्‌झवर कात्रीने कापल्यासारखा सपाट संपत असेल आणि वर काळोख असेल, तर फाइल सीडीवरून फुगवलेली असण्याचा दाट संशय घ्या. वर जाताना धूसर गोंगाट वाढत गेलेला दिसला तर ती बहुधा डीएसडीवरून केलेली आहे, त्यात खोटं काही नाही. डीएसडी आपला गोंगाट कानापलीकडे ढकलतं, तोच तो.

सीडी आणि या वरच्या दर्जाच्या फाइली यांतला फरक ऐकू येतो का? २००७ मध्ये मायर आणि मोरान यांच्या चाचण्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आल्या. त्यांनी सुपर ऑडिओ सीडीचा आवाज मध्येच सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला, आणि ऐकणाऱ्यांना नेहमीच्या पातळीवर तो ओळखता आला नाही. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी तोवरचे अनेक प्रयोग एकत्र मांडले. त्यात बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडं वर आलं, म्हणजे निव्वळ अंदाजाच्या ५० पेक्षा किंचित जास्त. कान तयार केलेल्या ऐकणाऱ्यांमध्ये अधिक. माझं मतही याच्या जवळचं आहे. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि पंखा चालू असलेल्या आपल्या दिवाणखान्यात तेवढाही वापरला जात नाही. चुंबकीय टेपवर ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या मैफिलींमध्ये टेपचीच सरसर सीडीच्या गोंगाटाच्या कितीतरी वर असते.

तरीही मी स्वतः चांगल्या २४ बिटच्या फाइली विकत घेतो, आणि सांगतो का ते. अनेकदा हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, आवृत्तीसाठी मूळ टेपवरून पुन्हा, अधिक काळजीने काम केलेलं असतं. आवाज सगळीकडे सारखाच मोठा करायचा अट्टहास त्यात कमी असतो. तबल्याच्या चाटीची धार आणि डग्ग्याची घुमकी यांच्यातलं अंतर तसंच राहतं, गायकाने आवाज लहान करून कुजबुजल्यासारखा घेतलेला षड्‌ज कुजबुजल्यासारखाच राहतो. ते श्रेय मास्टरिंग करणाऱ्या, म्हणजे ध्वनिमुद्रणावरून शेवटचा हात फिरवणाऱ्या, माणसाचं आहे. त्याच मास्टरवरून केलेली सीडी मिळाली तर ती घ्या आणि वाचलेल्या पैशांत स्पीकरसाठी चांगले स्टँड करून घ्या. जागाही वाचेल: तासाभराच्या रागाचा २४ बिट ९६ चा कच्चा डेटा साधारण २ जीबी, १९२ चा ४ जीबीच्या पुढे, डीएसडी ६४ चा अडीच जीबी. फ्लॅकने पीसीएम बरंच आटोपशीर होतं, डीएसएफ मात्र तेवढंच राहतं.

तर आज रात्री एवढंच करा. डिफॉल्ट फॉरमॅटच्या यादीतला सर्वांत मोठा आकडा बघा, फूबारचं आउटपुट एक्सक्लुझिव्हवर न्या, अ‍ॅम्प्लिफायर खाली करून १९२ ची फ्लॅक लावा. तिथे १९२ दिसलं की डिकोडर डीओपीवर ठेवून एक डीएसएफ लावा. डॅकवर 'डीएसडी' किंवा २.८ अशी अक्षरं आली तर हळूहळू आवाज वाढवा. डीएसडीऐवजी १७६.४ दिसलं आणि सीसी तशीच राहिली, तर डॅकपर्यंत रेट बरोबर पोचतोय आणि खूण वाटेत मोडतेय किंवा डॅकला ती ओळखता येत नाहीये. प्लेअरचा व्हॉल्यूम आणि रिप्लेगेन पुन्हा एकदा तपासा, मग मॅन्युअलमध्ये डीओपी हा शब्द शोधा. तो तिथे नसेल तर डिकोडर पीसीएमवर, १७६.४ ला ठेवा आणि निर्धास्त ऐका.